दिल्लीचं आरोग्य मंत्रालय आणि आमचं उपकेंद्र: ‘वरून’ म्हणजे नक्की कुठून?

चांदसैली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. गोष्ट घरातली आहे, पण प्रश्न घरापुरता नाही.

महिन्याभरापूर्वी माझी वहिनी बाळंत झाली. ग्रामीण रुग्णालयात, नॉर्मल. बाळ २ किलो १०० ग्रॅमचं. घरी आणलं आणि जन्माच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आशाताई दारात. आधी साबणाने हात धुतले, मग झोळीच्या काट्यावर वजन, काखेत थर्मामीटर, नाळ बघितली, वहिनीला पाजायला बसवून बाळ नीट ओढतंय का ते बघितलं. बाळ थंड लागतंय म्हणाल्या. आमच्या आईने झबलं-टोपडं चढवून पाळण्यात ठेवलं होतं. आशाताईंनी बाळाला उघड्या अंगाने वहिनीच्या छातीशी बांधलं आणि वरून गोधडी दिली. सातव्या दिवशी आल्या तेव्हा बाळ ओढेनासं झालं होतं. आम्हाला वाटलं झोपाळू आहे. त्यांनीच १०२ ला फोन लावला, जिल्ह्याच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) नऊ दिवस ठेवावं लागलं. आता बाळ छान आहे.

त्याच गावात उपकेंद्र आहे. इमारत नवी, दारावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असा मोठा फलक. सात महिने झाले, नर्सबाई नाही. शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टर महिन्यातून एका मंगळवारी लसीकरणाला येतात. वडिलांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी १४ किलोमीटर जावं लागतं.

आशाताईंना विचारलं, तिसऱ्याच दिवशी कशा आलात? म्हणाल्या, “३, ७, १४, २१, २८, ४२. तसं वरून ठरलेलं आहे.” नर्सबाईंचं तालुक्याला विचारलं, तर तिथेही, “वरून येईल तेव्हा येईल.”

हे दोन्ही ‘वर’ एकच आहेत का? केंद्राचं आरोग्य मंत्रालय आशाताईला आमच्या दारापर्यंत आणू शकतं, तर नर्सबाई का नाही? कोणी समजावून सांगेल का?

कलम २४६

ताई, बाळ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. तुमच्या प्रश्नाचं कायद्याच्या बाजूने उत्तर देतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने’ हा विषय राज्य सूचीत आहे, नोंद ६. म्हणजे दवाखाना चालवणं राज्याचं काम. केंद्राकडे बंदरांवरचं विलगीकरण, आणि समवर्ती सूचीत (जिथे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो) औषधं, एका राज्यातून दुसऱ्यात साथ पसरू न देणं, वैद्यकीय शिक्षण अशा गोष्टी. लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंब नियोजन १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आलं. मंत्रालयाच्या नावात ‘कुटुंब कल्याण’ आहे, त्यामागे मोठा इतिहास आहे. अनेक वर्षं केंद्राचा गावापर्यंत पोचणारा सगळ्यात लांब हात तोच होता.

म्हणून केंद्राचं मंत्रालय हुकूम देत नाही, धोरण आणि मार्गदर्शक सूचना देतं, आणि सोबत पैसा देतं. राष्ट्रीय आरोग्य धोरणं आजवर तीन आली: १९८३, २००२, २०१७. पैशाचा मोठा रस्ता म्हणजे एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, आताचं राष्ट्रीय आरोग्य अभियान, म्हणजे एनएचएम. त्यात केंद्र ६० आणि राज्य ४० असा वाटा आहे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०:१०.

तुमच्या आशाताई या रस्त्याने आल्या. नर्सबाईचा रस्ता बहुधा वेगळा आहे. त्यावर माहीतगार कोणी लिहावं.

रानवाट

मी गटप्रवर्तक आहे. माझ्या हाताखाली बावीस आशा आहेत. चांदसैलीताई, तुमच्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा. सातव्या दिवशी ‘बाळ ओढत नाही’ हे ओळखणं आणि घरच्यांना गाडीत बसवणं या दोन्ही गोष्टी कागदावर वाटतात तितक्या सोप्या नाहीत. “झोपलंय, उठवू नका” हे आम्हाला रोज ऐकावं लागतं.

पण एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. त्या ३, ७, १४ ला आम्ही ‘वरून आलेलं’ म्हणतो खरं, पण ते दिल्लीत जन्मलेलं नाही. ते गडचिरोलीत जन्मलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. शेजारची ४७ गावं तुलनेला होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. मंत्रालयाने २०११ मध्ये हीच पद्धत देशभर आशांमार्फत सुरू केली, एचबीएनसी या नावाने. दवाखान्यात बाळंतपण झालं तर सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. सगळ्या पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये. २०१८ पासून पुढच्या भेटी जोडल्या: ३, ६, ९, १२ आणि १५ महिने.

म्हणजे ‘वरून’ आलेली गोष्ट आधी आपल्याच रानातून वर गेली होती. हे प्रशिक्षणात मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. वर जायला मात्र बारा वर्षं लागली, हेही मनात राहिलं.

आणि वर जाताना एक गोष्ट गळली. गडचिरोलीच्या आरोग्यदूत बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. देशाच्या कार्यक्रमात ते काम आशाला दिलं नाही. २०१४ मध्ये मंत्रालयाने एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईला, काही परिस्थितीत ते देण्याची परवानगी दिली. आता तुमच्या उपकेंद्राचा विचार करा. इंजेक्शनची परवानगी नर्सबाईला आहे आणि नर्सबाईच नाही. मग आशाच्या हातात उरतं काय, तर १०२ चा नंबर.

ओपीडी नऊ ते बारा

प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून अकरा वर्षं काढली आहेत. रानवाटताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

केंद्राच्या मार्गदर्शनाबद्दल माझं मत सरळ आहे: जिथे सूचनेबरोबर वस्तू, माणूस आणि तारीख येते तिथे ते फार ताकदीचं असतं. पल्स पोलिओ आठवा. १९९५ पासून सगळ्या देशात ठरलेल्या रविवारी बूथ, लस, आइसपॅक, व्हॅक्सिन कॅरिअर, करंगळीला शाई, आणि पुढचे दिवस घरोघर. एसटी स्टँडवर, वीटभट्टीवर, पालावर. एकही राज्य मागे राहिलं असतं तर विषाणू तिथून परत आला असता. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्यातली मुलगी. २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं. हे काम एकेकट्या राज्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि जिथे फक्त मानक येतं, तिथे? आयपीएचएस म्हणून केंद्राची मानकं आहेत, २००७ ची, २०१२ आणि २०२२ मध्ये सुधारलेली. उपकेंद्र सपाट भागात ५ हजार लोकांमागे, डोंगरी-आदिवासी भागात ३ हजारांमागे. पीएचसी ३० हजार आणि २० हजार. कोणत्या ठिकाणी किती खाटा, किती माणसं, कोणती औषधं, कोणत्या तपासण्या, सगळं लिहिलेलं. मी ती पुस्तिका पूर्ण वाचली आहे आणि मनापासून सांगतो, ती चांगली आहे. पण लोकसंख्या आपण अजून २०११ च्या जनगणनेची धरतो. माझ्या केंद्राच्या हद्दीत त्यानंतर एमआयडीसी आली, चाळी उभ्या राहिल्या. कागदावर तीस हजार, दारात त्याच्या दुप्पट.

एका पावसाळ्यात विंचूदंशाचे तीन रुग्ण एका रात्रीत आले आणि प्राझोसिनची शेवटची पट्टी माझ्या टेबलावर होती. मानकात ते औषध आहे. कपाटात संपत आलं होतं. मानक आणि कपाट यांच्यातलं अंतर मला त्या रात्री जसं दिसलं तसं कुठल्याही आढावा बैठकीत दिसलं नाही. तिघेही वाचले.

जमाखर्च

मी जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापन कक्षात हिशेबाच्या बाजूला होतो, आता निवृत्त. नर्सबाईच्या रस्त्याबद्दल मी सांगतो.

ताई, ‘नर्सबाई नाही’ म्हणजे कोणतं पद रिकामं आहे ते आधी काढा. एका उपकेंद्रात तीन प्रकारच्या खुर्च्या असू शकतात. एक, नियमित आरोग्यसेविका. ही जिल्हा परिषदेची कर्मचारी. तिची भरती, बदली राज्य आणि जिल्हा परिषद करते. दोन, एनएचएमची कंत्राटी एएनएम. तीन, समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ. हे पद आयुष्मान भारतमुळे २०१८ नंतर आलं. बीपी-शुगरच्या गोळ्या देणं हे मुख्यतः त्याच खुर्चीचं काम. तुमच्या वडिलांचे १४ किलोमीटर सीएचओ असता तर वाचले असते. दुसरी आणि तिसरी खुर्ची केंद्र-राज्याच्या सामायिक पैशातून, आणि त्यांना ठरावीक मुदतीने मंजुरी लागते.

ती मंजुरी अशी मिळते: जिल्हा आपला आराखडा राज्याला देतो, राज्य सगळे एकत्र करून दिल्लीला पाठवतं. त्याला पीआयपी म्हणतात, अलीकडे तो दोन वर्षांचा असतो. दिल्लीत बैठक होते, एकेका ओळीवर चर्चा होते, आणि मग मंजुरीचा दस्तऐवज निघतो, आरओपी. त्यात पद मंजूर, पद नामंजूर, दर किती, सगळं असतं. तो एनएचएमच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचता येतो. वाचणारे फार थोडे.

नियमानुसार हा आराखडा गावापासून वर जायला हवा. म्हणूनच गाव आरोग्य समितीला दरवर्षी १० हजारांचा अबंध निधी (कशावर खर्चायचा हे समितीनेच ठरवायचा) ठेवलेला. माझ्या सोळा वर्षांत गावातून खरोखर काही लिहून आलं असे आराखडे मी एका हाताच्या बोटांवर मोजेन. मुदत जवळ आली की आम्हीच गेल्या वर्षीचा तक्ता उघडून आकडे पुढे सरकवायचो. याची मला खंत आहे. दिल्लीला आम्ही जे कळवलं तेवढंच दिल्लीला कळलं.

गिरणगावकर

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. माझ्या भावाला टीबी झाला होता. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात (नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले). ही सगळी केंद्राच्या कार्यक्रमाची देणगी, आणि त्याबद्दल आमचं कुटुंब ऋणी आहे.

पण २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या केंद्रावर गोळ्या संपल्या. टीबीच्या गोळ्या केंद्र सरकार एकत्र खरेदी करून राज्यांना देतं. त्या वेळी केंद्राने राज्यांना कळवलं की तीन महिने स्थानिक पातळीवर विकत घ्या. पत्र निघायला एक दिवस लागतो, पण खालच्या केंद्राला खरेदी करायला किती? भावाचा चौथा महिना होता. वजनाप्रमाणे ठरलेली ती एकत्र गोळी आजूबाजूच्या मेडिकलमध्ये सहज मिळेना. मी दादर ते ठाणे दुकानं पालथी घातली. टीबीत गोळी चुकली की जंतू औषधाला दाद देईनासा होतो, हे केंद्रावरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्याच भिंतीखाली उभं राहून “आज नाही, परवा बघा” ऐकणं फार जड गेलं.

एकाच ठिकाणाहून खरेदी होते तेव्हा दर कमी मिळतो, दर्जा एकसारखा राहतो, हे मान्य. पण मग साठा संपू न देण्याची जबाबदारीही त्याच ठिकाणची. ती ऐन वेळी खाली सरकवू नये एवढंच म्हणणं आहे.

कलम २४६

गिरणगावकर, भाऊ आता कसे आहेत?

तुमच्या अनुभवाचं मोठं रूप आपण २०२१ मध्ये पाहिलं. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी कोविडची लस राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी स्वतः घ्यायची असं ठरलं. एकच लस, केंद्राला एक दर, राज्याला दुसरा, खासगीला तिसरा. मुंबई महापालिकेने जागतिक निविदा काढली, हाती काही लागलं नाही. परदेशी कंपन्या म्हणाल्या, आम्ही फक्त केंद्र सरकारशी बोलू. शेवटी २१ जूनपासून ७५ टक्के खरेदी पुन्हा केंद्राकडे आली. पन्नास दिवसांत धडा मिळाला की काही कामं राज्यांकडे सोपवताच येत नाहीत.

पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंग यांनी २०२१ मध्ये आरोग्य समवर्ती सूचीत आणावं असं सुचवलं होतं. मला ते आता पटू लागलं आहे.

रिंगणवाट

मला नाही पटत, आणि कारण याच धाग्यात आहे. गडचिरोलीतून देशाला पद्धत मिळाली. त्याआधी १९७० पासून जामखेडला आरोळे दांपत्याने गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. छत्तीसगडने २००२ मध्ये ‘मितानिन’ सुरू केली, आशाच्या तीन वर्षं आधी. सगळं चांगलं खालून आलंय. समवर्ती केलं की राज्य म्हणेल केंद्र बघेल, आणि वेगळं काही करून बघायची उमेद जाईल.

शिवाय अधिकार वाढला की अटी कशा लागतात ते बघा. पंजाबने काही केंद्रांचं ‘आम आदमी क्लिनिक’ केलं तर केंद्राने एनएचएमचा निधी रोखला. फलकावरच्या नावावरून. त्या काळात तिथल्या कंत्राटी नर्सेसच्या घरी काय चाललं असेल?

मेपलखाली

टोरांटोहून लिहितेय. इथेही आरोग्य प्रांतांचंच काम आहे. पण १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट आहे. त्यात पाच अटी: व्यवस्था सार्वजनिक हवी, आवश्यक सेवा सगळ्या हव्यात, प्रत्येकाला हव्यात, दुसऱ्या प्रांतात गेल्यावरही चालू राहायला हव्यात, आणि पैशाअभावी अडू नयेत. एखाद्या प्रांतात डॉक्टरांनी रुग्णाकडून वर पैसे घेतले, तर तेवढीच रक्कम केंद्र त्या प्रांताच्या निधीतून कापतं. इथे सगळं छान आहे असं नाही. फॅमिली डॉक्टर मिळायला माझ्या मैत्रिणीला तीन वर्षं लागली. पण अट रुग्णाच्या हक्काची आहे, फलकाची नाही. तेवढा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

गोदाकाठ

मेपलखालीताईंनी ‘दुसऱ्या प्रांतात गेल्यावर’ लिहिलं म्हणून लिहितो. मी बीडचा. आमच्याकडे दिवाळी आली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं, कोणी कोल्हापूर-सांगली, कोणी थेट कर्नाटकात. बाळाला सहाव्या आठवड्याचं पेंटा गावात मिळालं, दहाव्याचं फडावर. तिथल्या सिस्टर माता-बाल संरक्षण कार्ड बघतात आणि पुढची लस देतात, कारण वेळापत्रक देशभर एक आहे. कार्ड कोपीत भिजू नये म्हणून बायका ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून धान्याच्या डब्यात ठेवतात. केंद्रीय मंत्रालय कशाला हवं असं कोणी विचारलं तर मी तो डबा दाखवेन.

पण याच बायकांची दुसरी गोष्टही आहे. गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये उघडं झालं, राज्याने समिती नेमली. मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात असं सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२३ मध्ये सांगावं लागलं. सूचना बरोबर होती, पण ती पाळायला लावणारं कोणी नव्हतं. माझ्या चुलतीला तिसाव्या वर्षी पिशवी काढायला सांगितली होती; आता तिचं वय पंचेचाळीस, हाडं पार ठिसूळ झालीत. तिच्यासाठी सूचना फार उशिरा आली.

रानवाट

गोदाकाठदादा, वाचून सुन्न झाले.

पैशाच्या अटींवरून एक सांगते. आशा ही केंद्राच्या लेखी अजूनही ‘स्वयंसेविका’ आहे. म्हणून पगार नाही, मोबदला. केंद्राचा ठरावीक मोबदला २०१८ च्या ऑक्टोबरपासून महिना २ हजार होता. आम्ही महाराष्ट्रात २०२३ च्या शेवटी संपावर गेलो, थंडीत आझाद मैदानावर झोपलो, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्याने आपला वाटा ५ हजारांनी वाढवला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. त्याचा आनंद आहेच. पण २४ तास जबाबदारी असणारी बाई स्वयंसेविका कशी, हा प्रश्न दिल्लीनेच सोडवायचा आहे, राज्य ते करू शकत नाही.

ओपीडी नऊ ते बारा

समवर्ती करा किंवा करू नका, पैसा किती हे आधी बघा. २०१७ च्या धोरणात लिहिलं होतं की सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के व्हावा आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पातले ८ टक्के आरोग्याला द्यावेत. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात केंद्र आणि राज्य मिळून १.८४ टक्के, तेही कोविडच्या वर्षात. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ३९.४ टक्के. यात दोघेही कमी पडले आहेत.

चांदसैली

सगळ्यांचे मनापासून आभार. जमाखर्चकाकांनी सांगितलं तसं तालुक्याला जाऊन विचारलं. नियमित आरोग्यसेविकेचं पद भरलेलं आहे, पण त्या दीर्घ रजेवर आहेत. सीएचओ दुसरीकडे बदलून गेले, ती खुर्ची खरी रिकामी. सात महिने आम्ही चुकीच्या खुर्चीसाठी भांडत होतो. ग्रामसभा २६ तारखेला आहे. ‘आमच्या गावाला नर्स द्यावी’ असा ठराव लिहिलाय. चालेल का?

आणि हो, काल ४२व्या दिवसाची भेट झाली. बाळ ३ किलो ३०० भरलं.

गिरणगावकर

वा! भाऊ ठीक आहे, औषधं पूर्ण झाली. वजन नऊ किलोंनी वाढलं.

जमाखर्च

ताई, असा लिहू नका, तो फायलीत राहील. असं लिहा: “अमुक उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी हे मंजूर पद अमुक तारखेपासून रिक्त आहे. नियमित आरोग्यसेविका रजेवर असल्याने उपकेंद्र महिन्यातून एक दिवस उघडते. सदर पद तातडीने भरावे व तोपर्यंत आठवड्यातून किमान तीन दिवस पर्यायी कर्मचारी द्यावा. उपकेंद्राच्या हद्दीतील आजची लोकसंख्या, गरोदर माता व रक्तदाबाच्या रुग्णांची संख्या सोबत जोडली आहे. ही मागणी पुढील आराखड्यात समाविष्ट करावी.”

आकडे आशाताईंच्या डायरीत मिळतील. प्रत तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक यांना, तिन्हीवर पोच घ्या. आराखड्याचे तक्ते साधारण दिवाळीनंतर भरायला लागतात, त्याच्या आत पोचवा.

रानवाट

आणि ठरावावर बायकांच्या सह्या जास्त घ्या. डायरीतले आकडे काढताना अडलं तर मला निरोप करा, तक्ता कसा काढायचा ते सांगते.